लेन्सवरची टिकली

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंप्याची वाट बघत मी दारात उभा होतो, तेवढ्यात कोरगावहून आक्काचा फोन आला. "बाळा, हे आज उठूक नायत... तू ये." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. माझी बहीण आधीपासूनच कमी बोलणारी. घराला आग लागली तरी ही आधी चुलीवरची पेज उतरवील आणि मग हाक मारील, असं भावोजी तिला चिडवायचे. नार्व्याहून कोरगावला पोचलो तेव्हा ओटीवर शेजारीपाजारी जमले होते. भावोजींना आत झोपवलं होतं, झोपेतच गेल्यामुळे चेहरा कसा शांत होता. मी हात जोडले, पण रडू काही येईना. मग पाणी प्यायला म्हणून मागच्या पडवीत गेलो आणि तिथे तिपाईवर त्यांचा कॅमेरा उभा दिसला. अंगावर आक्काच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, तोंड शेतापलीकडच्या देवराईकडे. तिथे मात्र मला आवरलं नाही.

आमचे भावोजी, श्रीपाद, पेडण्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवायचे. आसपासच्या गावांतली लग्नं, मुंजी, शाळेचे वर्ग, पासपोर्टचे चेहरे, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलं. "हनुवटी खाली, खांदे सैल, आता हसा" हे त्यांनी जन्मभर इतक्या वेळा म्हटलं होतं की घरात पाहुणा आला तरी त्यांची नजर आधी त्याच्या हनुवटीवर जायची. माझ्या लग्नात त्यांनी माझी मान अशी काही वळवली की अल्बममध्ये मी लग्न करून घेतोय की मान धरल्यामुळे वैद्याकडे निघालोय ते समजत नाही. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, स्टुडिओत गिऱ्हाईक येईनासं झालं. दुसरा कोणी खचला असता. यांनी एक दिवस शटर ओढलं, चावी मालकाला दिली आणि घरी येऊन म्हणाले, "जल्मभर लोकांका हसूक सांगलंय. आता जो सांगून हसूचो नाय, तेचो फोटो काडूया." आणि त्यांनी एक लांबलचक टेलिफोटो लेन्स घेतली. दुधी भोपळ्याएवढी ती लेन्स बघून आक्का म्हणाली, "ह्या आता खंय निजवतलास?"

सांगून न हसणारा तो म्हणजे समुद्री गरुड. कोरगावच्या घरामागे शेत, शेतापलीकडे चढावर काजूची बाग आणि बागेला लागून देवराई. त्या राईत घोटिंगाच्या उंच झाडावर गरुडांचं एक जोडपं दर वर्षी पावसाळा सरला की यायचं, जुन्याच घरट्यावर नव्या काड्या रचायचं आणि उन्हाळ्यापर्यंत एक पिल्लू वाढवायचं. भावोजी बागेत काजूच्या झाडाखाली बसून फोटो काढायचे, पण तिथून घरटं नखाएवढं दिसायचं. जवळ जायचं तर राईत शिरायला हवं. राईत कोणी कोयती नेत नाही, चपला घालून जात नाही, आणि काही नवीन करायचं तर आधी देवाला कौल लावतात. गुपचूप गेले असते तर बघायला कोण होतं? पण हे मला बरोबर घेऊन देवळात गेले. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या श्रीपादाक पक्ष्याचो फोटो काडूचो असा. तेणां तुझ्या रायेत पाय घालूचो काय नाय, ता डावा-उजवा करून सांग म्हाराजा." बराच वेळ काही हललं नाही. मग डावीकडची पाकळी पडली, म्हणजे नकार. मी म्हटलं, पुन्हा विचारा, देवाच्या नीट लक्षात आलं नसेल. गुरवही तयार होता. भावोजी उठलेसुद्धा. "एकदा नाय म्हटल्यान, मगे तेका कित्याक तरास?"

परतीच्या वाटेवर मी त्यांचं डोकं खाल्लं. शिकलेली माणसं तुम्ही, एका पाकळीपायी हातचा फोटो घालवता, वगैरे वगैरे. घर आलं, त्यांनी पाय धुतले, आणि मग पंच्याला हात पुसता पुसता म्हणाले, "देवान आत येव नको म्हटल्यान. बघू नको म्हणून खंय सांगल्यान?" त्याच आठवड्यात कुरियरने त्यांचा टेलिकन्व्हर्टर आला.

आता हा टेलिकन्व्हर्टर म्हणजे तळहातावर मावणारी, आत भिंगं बसवलेली एक बुटकी नळी. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधोमध ती बसवायची, की लांबचं दुप्पट मोठं दिसतं. मला वाटलं, झालं, देवही खूश आणि भावोजीही. पण ही नळी फुकट काम करत नाही. लेन्समधून येणाऱ्या उजेडाचे चार वाटे केले तर तीन ती मधल्यामध्ये गिळते, कॅमेऱ्याच्या वाट्याला एकच येतो. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याला स्वतःहून फोकस करता येत नाही, तो नुसता घूं घूं करत मागेपुढे होत राहतो. हात जरा हलला की तेही दुप्पट. आणि एवढं करून फोटो थोडा मऊच येतो. "दुधात पानी घाटल्यार तांब्यो भरता, पण साय येणा नाय," हे भावोजींनीच केलेलं वर्णन. बरं, पहाटे उजेड पुरत नाही आणि ऊन चढलं की शेतावरची हवा थरथरायला लागते, सगळं चित्र पाण्यात धरल्यासारखं. मधला जो थोडा वेळ मिळेल तेवढाच त्यांचा. बाकी दिवसभर ते त्या थोड्या वेळाबद्दल बोलायचे.

पहिल्या वर्षी तर नुसती धमाल होती. नळी आधी लग्नातल्या छोट्या लेन्सला लावायला गेले, ती बसेचना. हिला लांबची लेन्सच लागते हे कागदावर लिहिलेलं होतं, पण कागद वाचायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मग चवथीला सगळे जमलो असताना, गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली घरच्यांचा फोटो काढायचा म्हणून तोच कॅमेरा उचलून आणला, नळीसकट. ओटीवरून फक्त माझं नाक दिसलं. सगळ्यांना फोटोत घ्यायला भावोजी मागे मागे सरत अंगणात गेले, अंगणातून समोरच्या शेतात, शेतातून पार पलीकडच्या बांधावर, मेरेवर. ते इतके लांब गेले की आम्ही त्यांना विसरून गप्पा मारत बसलो. आक्का कोणाच्या तरी केसांत फूल माळत होती, मी नेवऱ्या खात होतो. तो फोटो आजही आमच्या नार्व्याच्या घरात आहे. त्यात कोणाची हनुवटी जागेवर नाही, आणि एवढा चांगला आमचा फोटो त्यांनी स्टुडिओत उभं करून कधी काढला नव्हता.

फोकस हाताने लावायचा, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. घरटं काही जागचं हलत नाही, तेव्हा फिरणारं कडं एकदा बरोबर लावलं की काम झालं. पण आक्का धूळ पुसायची आणि कडं सरकायचं. मग त्यांनी आक्काच्या आरशावरची एक लाल टिकली काढली आणि कड्यावर चिकटवली. लेन्सवरच्या पांढऱ्या रेघेसमोर टिकली आली की घरटं साफ. "बघ," मला दाखवत म्हणाले, "आमची लेन्स सवाष्ण." आक्का आतून ओरडली, "माझी पाकिटा सोंपयतास तुमी!"

या सगळ्या खटाटोपामागे त्यांना एकच फोटो हवा होता. पिल्लू मोठं झालं की दिवसेंदिवस घरट्याच्या काठावर उभं राहून पंख हलवतं, घाबरतं, परत आत जातं. आणि मग एका सकाळी पाय सोडतं. ते पाय सुटताना बघायचे, हा त्यांचा ध्यास. एका वर्षी ते चहा प्यायला आत गेले तेवढ्यात पिल्लू उडालं. एका वर्षी नेमके ढग आले आणि नळीने होता नव्हता तो उजेड गिळून टाकला. कोणी एक हौशी तरुण ड्रोन घेऊन आला, म्हणाला, काका, वरून गेलं तर राईत पाय कुठे पडतो? मला ते अगदी पटलं होतं. भावोजींनी त्याला चहा पाजला, उंड्या पावाबरोबर भाजी वाढली आणि सांगितलं, "पाय पडणा नाय, पण पिलाचो जीव दडपतलो. देवान ह्याच सांगल्यान आसतला." त्यानंतर मी त्या पाकळीची थट्टा केली नाही.

मग त्यांच्या हृदयाचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी चढ चढायचा नाही असं बजावलं. काजूची बाग सुटली. ते मागच्या पडवीत आपली खुर्ची, कदेल, टाकून बसू लागले. तिथून घरटं आणखी लांब, फोटो आणखी मऊ. टिकली कड्यावर जरा पुढे सरकली. "देव माका दर वर्षा थोडो थोडो मागे घेता," असं म्हणून ते हसले होते. मला वाईट वाटलं. त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लू काठावर येऊन उभं होतं आणि भावोजींच्या छातीत दुखू लागलं. म्हापशाच्या इस्पितळात नेलं. नळ्या लावलेल्या, बोलायचं नाही अशी ताकीद, आणि हे मला खुणेने जवळ बोलावून विचारतात, "पिल्लू गेला?" आक्का रात्री त्यांच्याजवळ थांबायची आणि सकाळी पेज करून आणायला घरी जायची. त्यांनी माझ्याकरवी तिला निरोप दिला... टिकली रेघेवर ठेव, कॅमेऱ्याला हात लावू नको, त्याला जोडलेल्या वायरचं बटण तेवढं दाब. आक्काने उभ्या जन्मात कॅमेऱ्याला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. "माका ता कळणा नाय," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून चूल पेटवून पडवीत बसू लागली, हातात वायर धरून.

आणि एका सकाळी ती इस्पितळात आली ती खांद्याला बाजाराची मोठी पिशवी लावून. आतला फोटो बाहेर कसा काढायचा ते माहीत नव्हतं, म्हणून लेन्स, नळी, कॅमेरा सगळं जसंच्या तसं लुगड्यात गुंडाळून घेऊन आली होती. दारावरच्या माणसाने अडवलं तर त्याला म्हणाली, "घोवाचा औषध असा." भावोजी एवढे हसले की नर्स धावत आली. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो बघितला. घरटं, त्याची रिकामी कड, आणि वर कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला एक पंख. त्याच्याखाली लोंबकळणारे, नुकतेच सुटलेले दोन पाय. सगळंच धूसर. मी उगीच म्हटलं, जरा मऊ आलाय. ते कितीतरी वेळ बघत राहिले. "सुटले रे पाय," म्हणाले, "आता साय कोणाक होयी?" आणि आक्काचा हात धरला. माझ्यादेखत त्यांनी तिचा हात धरलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

ते बरे होऊन घरी आले, आणि त्यांचा अख्खा पावसाळा मजेत गेला. तो फोटो मोठा करून पडवीच्या दारावर लावला. कोणीही आलं की फोटो दाखवायचे आणि सांगायचे, "ह्यो मी काडूक नाय, हिणां काडलो." चवथीला गेलो तेव्हा ओल लागू नये म्हणून लेन्स पुसत बसले होते. मी निघताना राईकडे मान करून म्हणाले, "कार्तिकात येतले बघ, काड्यो घेवन." ती आमची शेवटची भेट. मला त्यांची आठवण येते, खूप येते, पण हळहळ वाटत नाही. हव्या त्या गोष्टीकडे हव्या तेवढ्या अंतरावरून मनसोक्त बघून गेलेला माणूस तो.

बाराव्याच्या आधी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी आक्काला जवळ घेऊन हलकेच सांगितलं होतं. तिने कपाळावरची टिकली काढली. तिच्या मोकळ्या कपाळाकडे माझ्याने बघवेना, पण बायकांच्या गोष्टीत काय बोलायचं म्हणून मी गप्प राहिलो.

मागच्या आठवड्यात कोरगावला गेलो. आक्का मागच्या पडवीत होती, कॅमेऱ्यावरचं लुगडं काढलेलं. शेतावरून एक गरुड पायांत लांब काडी धरून राईकडे चालला होता. "आयले," ती म्हणाली, "पण साफ दिसनत नाय." पावसाळ्याच्या ओलीने लेन्सवरची टिकली कधीतरी गळून पडली होती आणि कडं सरकलं होतं. मी पुढे झालो, तर म्हणाली, "थांब." आत गेली आणि आरशामागे ठेवलेलं टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. मग वाकून, पडद्यात बघत, तिने कडं हळूहळू फिरवलं. घरट्याच्या काड्या एकेक दिसायला लागल्या तशी थांबली आणि रेघेसमोर नवी टिकली चिकटवली.

पाकीट हातातच होतं. ती वळसा घालून कॅमेऱ्याच्या पुढे गेली. लेन्सची पुढची काच बशीएवढी मोठी आणि काळीभोर, तिच्यात तिचा चेहरा दिसत होता. तिने वाकून दुसरी टिकली काढली आणि स्वतःच्या कपाळावर लावली. मी बघतोय हे तिला माहीत होतं. "लेन्सीक असा," म्हणाली, "मगे माका कित्याक नको?"

ती परत येऊन भावोजींच्या कदेलीवर बसली आणि वायरचं बटण हातात घेतलं. मी तसाच लेन्सच्या पुढे उभा होतो.

"बाजूक हो बाळा," ती म्हणाली. "उजेड आडवतंस."