गिअरची तार

ग्रीसचा डबा उघडला की त्या वासासरशी मी नांदेडजवळच्या धरणाच्या काठावर जातो, जिथं आमची जुनी इंजिनाची बोट बाभळीला बांधलेली असायची. बायकोला न विचारता घेतली होती, म्हणून घरात अबोला होता, आणि "जेवायला वाढलंय म्हणावं" असे निरोप लेकीच्या तोंडून यायचे. त्यात बोटीचा गिअर पडेना. हैदराबादचा दुकानदार फोनवर म्हणाला, गिअर तारेनं ओढला जातो का करंटवर चालतो ते आधी बघा, मग सामान पाठवतो. इंजिनामागच्या फटीत माझा हात शिरत नव्हता. जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको मुकाट्यानं बोटीत चढली, बांगड्या वर सारल्या आणि हात आत घातला. करंट बंद व्हावा म्हणून मी बॅटरीच्या वायरी काढल्या, पुढं जाऊन गिअरचा दांडा ढकलला. आता तिच्या बोटांखाली काही हाललं तर ती तारच, पण हाललं का नाही हा तिचा निरोप मला सांगायला तिथं लेक नव्हती. बोटीच्या बुडाला पाणी चुबुक चुबुक लागत होतं. मग मागून आवाज आला, "हाललं." मला कळलं होतं, तरी मी म्हणालो, "नक्की का? पुन्हा बघ." दांडा पुढं-मागं करत राहिलो, आणि ती दर वेळी सांगत राहिली, "हाव, हाललं." शेवटी म्हणाली, "कितीदा हलवून राहिलात? कळलं मला." बोट पुढं भंगारात गेली. अबोला अजूनही होतो आमच्यात, मग दोघांतलं कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "हाललं का?"