कुसळांचं फाटक

पातूरच्या रस्त्यावरच्या माळावर फिरून आलो की पायमोजे कुसळांनी भरून येतात. आज अंगणातल्या नळापाशी बसून एकेक उपटताना वाळक्या गवताचा वास आला आणि माझा मित्र आठवला. आम्ही एकाच शाळेत मास्तर. तो चित्रकलेचा, मी मराठीचा. त्याला जाऊन वर्ष झालं. हेवा अजून ताजा आहे.

या माळाला सगळे पडीक म्हणतात. निसर्ग पाहायचा तर टोपी घालून, जीपमध्ये बसून मेळघाटात जायचं, असा आम्हा शहाण्यांचा रिवाज. हा मात्र माळावर उकिडवा बसून तासन्‌तास कुसळी गवत पाहायचा. "इथं पाहासारखं काय आहे बे?" मी विचारायचो. "सांगतलं तर तू तेवढंच पाहशील," एवढंच बोलायचा.

मी घर बांधलं, तेव्हा आमच्या कॉलनीत फाटकांवर सिंह आणि हंस बसवायची चढाओढ होती. मला साधे गज पुरे होते. पण बायको त्याला परस्पर म्हणाली, "भाऊजी, आमच्या फाटकाचं चित्र तुमीच काढा." त्यानं लोखंडात कुसळीचा ताटवाच उभा केला: सडसडीत गज, वाऱ्यानं एका अंगाला कललेले. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणत, "वा सर, काय फाटक आहे!" दुसऱ्याचं कौतुक स्वतःच्या दारात उभं राहून ऐकणं फार जड जातं. समाधान एकच होतं. प्रत्येक गजाला मध्येच एक पीळ पडला होता. "वेल्डर पिऊन आलता काय रे?" मी दर दिवाळीला विचारायचो. तो हसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहायचा.

आज एक कुसळ ओल्या फरशीवर पडलं आणि आपोआप फिरू लागलं. वाळताना बसलेला पीळ पाणी लागताच सावकाश उलगडत होता, जणू जमीन शोधत होता. मी श्वास रोखून पाहिलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आधी मला काहीतरी दिसलं होतं! तो नाही हे विसरून मी तसाच ओल्या पायांनी त्याच्या घराकडे निघालो. आमचं फाटक उघडायला हात गजावर ठेवला. हाताला पीळ लागला.

हाच पीळ.

"काहून उभे आहा तिथं?" आतून बायकोनं विचारलं. मला कधीतरी आपसूक दिसेल म्हणून तो थांबला होता, की कधीच दिसणार नाही याची त्याला खात्री होती, हे आता कोणाला विचारू? माळावर प्लॉट पडताहेत. उद्या कुसळी उरलीच तर या लोखंडात उरेल. माझ्या दारात, आणि तीही त्याचीच.