खोबरेल लागलेला स्कोप

दसऱ्यापर्यंत रायफल सरळ मारत होती. दसरा झाला आणि तिला काय झालं कोण जाणे. कागदावर पहिले तीन छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे पडायचे, चौथा दोन बोटं डावीकडे, आणि सातवा कुठे गेला हे शोधायला कागदाजवळ चालत जावं लागायचं.

रायफल छर्ऱ्याची, परवाना न लागणारी, पण साधी समजू नका. ती माझ्या सासऱ्यांची. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं घराणं बंगळुरात कधी आलं ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही, इतकं जुनं. मी पुण्याहून इथं नोकरीला आलेला. अण्णांनी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढला आणि आनेकलजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबाच्या चौघांच्या संघात कित्येक वर्षं नेम धरला. हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी रायफल माझ्याकडे दिली आणि एकच अट घातली. "यंदा संघात बसा. नाहीतर ती परत माझ्या कपाटात." विनोद नव्हता तो. अण्णा विनोद करत नाहीत.

निवड तीन आठवड्यांवर आली होती आणि माझे छर्रे कागदभर हिंडत होते. मी पहिल्याच दिवशी निकाल दिला, स्कोप बिघडला, म्हणजे वर बसवलेली नेमाची दुर्बीण.

बायको म्हणाली, "तुझा नेम चुकतोय, असं एकदा म्हणून तर बघ."

"पहिले तीन बरोबर बसतात. नेम काय चौथ्याला विसरतो?"

"नाचता येईना," एवढंच म्हणून ती कुकर बघायला गेली. अर्धी म्हण टाकून निघून जाण्याची तिची ही सवय मला अजिबात आवडत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला. त्यामुळे स्कोपवरही मी रीतसर केस चालवली. तक्ता केला. छर्ऱ्यांचा डबा बदलला. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारून पाहिली. स्कोपची बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत आणली. आमच्या धंद्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा नियम आहे आणि तो मी नव्या पोरांना दर सोमवारी ऐकवतो. घरी मी एका दुपारी चार गोष्टी बदलल्या आणि मग कशानं काय झालं हे तक्त्यालाही कळेना.

शेवटी इथल्या, बंगळुरातल्या शिवाजीनगरला दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्यानं स्कोप, त्याला धरून ठेवणाऱ्या कड्या न उघडता, कड्यांसकट उतरवून घेतला, समोरच्या गल्लीच्या टोकाची पाटी त्यातून मोठ्यानं वाचून दाखवली, आतली नेमाची फुली जागची हलत नाही याची खात्री केली, तसाच पुन्हा चढवून दिला आणि चहा मागवला. "स्कोप एकदम सही है साब. आँखें दिखवा लेना." मी डोळेही दाखवले. नंबर तोच होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास काय होतो? चौथा छर्रा डावीकडे जातो, असं त्यांना सांगायला मला लाज वाटली.

तरी मी हट्ट सोडला नाही. निवडीच्या रविवारी आनेकलला जाताना वाटभर मी स्कोपला शिव्या देत होतो आणि अण्णा मागच्या सीटवर ऐकत होते. मैदानावर पोचल्यावर ते म्हणाले, "स्वल्प थांबा." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी स्कोपच्या नळीवर, ती जिथं कडीत शिरते तिथं अगदी लगत, एक बारीक रेघ मारली. "आता मारा तुमचे दहा. नळी सरकली तर रेघ सांगेल." स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का मागंही बसतो आणि पुढंही, त्यात सैल नळी हळूहळू सरकते. इतकं साधं मला तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं.

दहा मारले. तीन मधे, बाकीचे फिरतीवर. मी स्कोप पाहिला. रेघेनं कडी सोडली होती, मधे तांदळाचा दाणा मावेल एवढी फट. मला इतका आनंद झाला, की मी जवळजवळ नाचलो. अण्णा मात्र नाचले नाहीत. त्यांनी त्या फटीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"खोबरेल," ते हळूच म्हणाले.

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. खंडेनवमीला अण्णा घरातली सगळी आयुधं पूजतात. त्यांच्या टूलरूमची शिस्त अशी, की हत्यार आधी पूर्ण सुटं करायचं, भाग न् भाग खोबरेल तेलानं पुसायचा, हळदकुंकू लावायचं, पूजा झाली की पुन्हा जोडायचं. पान्हे, पोपटपकड, बायकोची शिलाई मशीन, सगळं असंच. यंदा रायफलही दोन दिवस त्यांच्याकडे होती. शिवाजीनगरवाल्यानं काचा पुसल्या, कडीच्या आत कोण पुसतंय! मी एवढे दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो.

तेवढ्यात क्लबाचे सेक्रेटरी नियमांची वही घेऊन आले. त्यांनी रेघ पाहिली आणि विचारलं, स्कोप कुणी बसवला? स्वतः बसवला असेल तर तक्रार चालणार नाही. क्लबाच्या कारागिरानं बसवला असेल तर पुन्हा दहा छर्रे. क्लबाचे कारागीर म्हणजे अण्णाच. सगळ्यांच्या रायफली तेच जोडून देतात. त्यांच्या हातून स्क्रूची चूक झाली असं कुणी कधी ऐकलेलं नाही. मी अण्णांकडे पाहिलं. ते आपल्या बोटाकडे पाहत होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"मीच बसवला," मी म्हणालो. "डोक्याला तेल लावतो ना, हाताचं लागलं असेल."

सेक्रेटरींनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. तिथं तेल लावण्यासारखं गेल्या आठ वर्षांत काही उरलेलं नाही.

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणत सेक्रेटरी वहीत लिहू लागले. तेव्हा अण्णा पुढं झाले आणि कन्नडात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की स्कोप मी बसवला, तेल मी लावलं, कड्या पुसायला मी विसरलो. एवढं बोलून त्यांनी खाली बसून कड्या उघडल्या, धोतराच्या सोग्यानं कोरड्या ठणठणीत केल्या आणि थरथरत्या हातानं चारही स्क्रू आळीपाळीनं आवळले. पेन्सिलीची नवी रेघ मारली. मला म्हणाले, "मारा."

मी पुन्हा दहा मारले. रेघ केसभरही हलली नाही. छर्रे मात्र चार मधे आणि सहा रानोमाळ. या वेळी तर दुसराच बाहेर गेला. स्कोप सरळ, कड्या कोरड्या, छर्रे नवे, डोळे ठीक. दोष द्यायला आता माझ्याशिवाय कुणी शिल्लक नव्हतं. यादीत मी सहावा आलो.

मी रायफल पिशवीत घातली, चेन लावली आणि अण्णांपुढं धरली. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी पिशवी घेतली, वजन केल्यासारखी जरा हातात धरली आणि माझ्याच खांद्याला अडकवली.

"कपाटात राहून ती काय शिकणार," ते म्हणाले. "तुम्हाला श्वास धरता येत नाही, ते मी मघाशी बघितलं. पुढल्या रविवारपासून मी येतो तुमच्याबरोबर."

मी पट्टा खांद्यावर नीट केला. डोळे पुसायचे होते, पण सेक्रेटरी अजून वही उघडून तिथंच उभे होते.