भागिरताचं फाटक

त्या दिवशी सकाळीच काकूचा फोन आला. "तुहे काका गेले, पोरी," एवढंच बोलली. मागून काकांनी पाळलेली सगळी कुत्री एका सुरात रडत होती... पुढं काकांसाठी बुद्धवंदना झाली, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच नातलग काकूला सांगायला लागले, आता एवढी कुत्री कोण पाहणार, विकून टाक, फाटकावरची पाटी काढून ठेव. म्हणून हे लिहायला बसले.

प्रल्हादकाका वरठीच्या कारखान्यात फिटर. कारध्याहून मोटरसायकलनं जायचे, आणि ड्युटीवरून आले की थेट आपल्या लॅब्राडोरांत. केनेल क्लबात रीतसर नोंदणी करायची ठरली तेव्हा फॉर्म भरायला मला बसवलं. घरातली पहिली बी.ए. मीच. केनेलसाठी, म्हणजे काकांच्या या कुत्र्यांच्या घराण्यासाठी, तीन नावं पसंतीनं द्यायची होती, क्लब त्यातलं एक देणार. काकांनी तिन्ही जागी एकच सांगितलं, भागिरता. म्हणजे माझी आजी. असं चालत नाही काका, मी म्हटलं.

"मले दुसरी माय हाय काय?"

क्लबानं नाव दिलं. आता इथं जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या कागदावर आधी 'भागिरता' येणार, मग त्याचं स्वतःचं नाव. वस्तीत हसले लोक, मायचं नाव कुत्र्याले देलं म्हणे. काका उलट विचारायचे, तुम्ही घराला आईचं नाव देता ते काय विटांना देता? मला मात्र कुत्र्यांचं पणज्यापर्यंतचं कूळ लिहिताना राग यायचा. आमच्या पणज्याचं नाव कोणत्या दप्तरात आहे? आजी जन्मभर राइस मिलवर तांदूळ पाखडत होती, आणि तिथं तिला 'ए बाई' याखेरीज नाव नव्हतं.

त्याच मिलचा मालक एकदा पिल्लू घ्यायला आला. काकांचा नियम होता, येणाऱ्यानं फाटकावरची पाटी मोठ्यानं वाचायची, मगच कडी निघायची. त्यानं वाचली. ही भागिरता कोण, तेही विचारून घेतलं. पिल्लू पसंत पडलं, पण कागदावर तेवढं नाव नको म्हणाला. आपल्याच मिलवरच्या पाखडणाऱ्या बाईचं नाव घेऊन शोमध्ये कसं उतरायचं?

"मंग नका उतरू," काका म्हणाले आणि पिल्लू उचलून आत घेऊन गेले. हातचं गिऱ्हाईक घालवलं म्हणून काकू दोन दिवस धुसफुसत होती. पण तसं पिल्लू त्याला नागपुरातही सापडलं नसावं. आठवड्यानं गाडी परत आली, आणि पिल्लू नावासकट गेलं.

पुढं नागपूरच्या डॉग शोमध्ये तेच कुत्रं पहिलं आलं. माईकवरून पुकारलं... भागिरता सुलतान. मिलमालक खुर्चीतून उठून बक्षीस घ्यायला पुढं झाला. रिंगणाच्या दोरीबाहेर उभ्या काकांनी टाळी नाही वाजवली. शर्टाची वरची गुंडी लावली फक्त.

"आता कसा उठला, मायचं नाव आयकून," म्हणाले.

कुत्र्यांवरून कसला आला मान, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. केनेल काकूच्या आणि माझ्या नावावर करण्याचा अर्ज मी पाठवून दिलाय. परवा एक गाडी येऊन थांबली. मालक वारले असं ऐकलं, सगळी कुत्री एकदमच देऊन टाकता का, गाडीवाल्यानं फाटकाबाहेरूनच विचारलं. काकू कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"पहिले पाटी वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."