मोठ्या तळ्याची प्रदक्षिणा

किस्से चिखलासारखे असतात. रविवारी सायकल धुऊन पुसून ठेवली की वाटतं, गेला सगळा. पुढच्या रविवारी मडगार्डच्या आत बोट घालून बघा, महिन्याभराचा वाळून बसलेला असतो! आमच्या ग्रुपचं तसंच झालंय. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास विचारतं, "काय रे मन्या, सायकली चालवायला जाता की हसायला?" मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मी नुसता मान हलवतो आणि आणखी एक समोसा उचलतो. लिहायला कदाचित जमेल, म्हणून लिहितोय.

आम्ही पाच जण, सगळे वेल्समधल्या कार्डिफचे. नेनेकाका सत्तरीला टेकलेले, सगळी नोकरी कौन्सिलच्या रस्तेखात्यात केलेली. मेधाताई नागपूरची, हॉस्पिटलमध्ये नर्स. ती म्हणेल ती पूर्व. सौरभ पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, नुकताच इकडे आलेला. रिया ही काकांची नात, इथेच जन्मलेली आणि इथेच युनिव्हर्सिटीत शिकणारी. पाचवा मी. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, तेव्हापासून बेकरीत पहाटेच्या शिफ्टला आहे.

या उन्हाळ्यात आमच्यापुढे एकच काम होतं. सप्टेंबर संपला की काका कार्डिफचं घर सोडून मुलीकडे लंडनमध्ये एजवेअरला राहायला जाणार होते. त्याआधी त्यांना मिड वेल्सच्या डोंगरातल्या एका तळ्याला सायकलवरून पूर्ण फेरी मारायची होती. धरण बांधून झालेलं तळं आहे ते. त्याचं वेल्श नाव आम्ही पाच जण पाच प्रकारे उच्चारतो, म्हणून नुसतं मोठं तळं म्हणतो.

"इतकी वर्षं सँडविचं घेऊन या काठाला बसलो," काका म्हणाले, "पलीकडच्या काठाला काय आहे ते एकदा बघू दे मला. एजवेअरला काय बघणार? पार्कातली बदकं?"

मेधाताईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "काका, फेरी होणार. विषय संपला!"

* * *

सुरुवात सौरभच्या सायकलपासून झाली. त्याने नवी कोरी ग्रॅव्हल बाइक घेतली होती. हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, टायर मात्र जाड. मंडळाच्या हॉलबाहेर तो काकांना समजावत होता, "काका, ही खास खडीच्या रस्त्यासाठी असते. डांबरी रस्ता आपण अव्हॉइड करायचा."

काका सायकलभोवती फिरले. टायर दाबून पाहिला. मग म्हणाले, "आयुष्यभर मी खडीवर डांबर घातलं, आणि तू उरलेली खडी शोधायला सायकल घेतलीस?"

सौरभ ओशाळला. त्याला वाटलं, म्हातारा चिडला.

पुढच्या रविवारी सकाळी काका आपली जुनी सायकल, तिला नवे जाड टायर आणि अंगात कौन्सिलचं जुनं पिवळं जॅकेट अशा थाटात हजर!

"काका, तुम्ही?"

"माझ्या हातून सुटलेली खडी आहे. इन्स्पेक्शनला नको यायला?"

* * *

पहिल्या खेपेला व्हॅनमध्ये सायकली घालून तळ्यावर पोचलो आणि कार पार्कमध्येच वाद सुरू झाला. फेरी कुठल्या बाजूने मारायची? सौरभच्या फोनमधले सगळे रूट एकच सांगत होते, तळं डाव्या हाताला ठेवून जा. कारण धरणापलीकडे सुट्या दगडांची एक भयानक चढण आहे. त्या बाजूने गेलं की तीच चढण उतार म्हणून मिळते.

काकांनी हेल्मेट काढलं. "प्रदक्षिणा उलटी घालायची?"

"काका, ही प्रदक्षिणा नाहीये, लूप आहे."

"गोल फिरून परत त्याच जागी यायचं, त्याला काय म्हणतात? अरे, या देशात चौकातल्या राउंडअबाउटलासुद्धा उजव्या हाताला ठेवून फिरतात! सगळा देश रोज प्रदक्षिणा घालतोय, आणि आपण मराठी माणसं उलटं जायचं?"

सौरभने फोनकडे बघितलं. फोन अजून उलटंच सांगत होता.

आम्ही सुलट निघालो.

* * *

त्या डोंगरांत फोनला रेंज फक्त धरणाच्या भिंतीवर येते. आम्ही भिंतीवर पोचलो आणि काकांचा फोन वाजला. एजवेअरहून सुनीताताई, म्हणजे काकांची मुलगी, रियाची आई. काकांनी तिला सायकलचं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन स्पीकरवर घेतला आणि आम्हाला गप्प बसायची खूण केली.

"बाबा, कुठे आहात?"

"लायब्ररीत."

शेजारी धरणावरून पाणी धो धो पडत होतं.

"पाण्याचा केवढा आवाज येतोय!"

"नळ गळतोय इथला."

तेवढ्यात उतारावरची एक मेंढी जीव खाऊन ओरडली.

"बाबा, लायब्ररीत मेंढी आहे?"

"वेल्समधली लायब्ररी आहे, बाई!" असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

हसू दाबून रियाचा चेहरा लालबुंद झाला होता. "आजोबा, तुमचा lie खूप वाईट होती," ती म्हणाली.

* * *

मग ती चढण. सौरभच्या सायकलचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. मेधाताई उतरून ढकलायला लागली. काका तेवढे बसून होते, पण सायकल पुढे जात होती की मागे ते सांगता येत नव्हतं. वरून एक शेतकरी चार जाड चाकांच्या क्वाड बाइकवर बसून आला, मागे कुत्रा बसलेला. आम्हाला बघून त्याने इंजिनच बंद केलं.

"उलट्या बाजूने आलात तुम्ही!" तो इंग्रजीत ओरडला. "सगळे इथून खाली येतात."

काका धापा टाकत होते. तरी त्यांनी श्वास गोळा केला आणि अदबीने उत्तर दिलं, "सर, आम्ही बरोबर आहोत. बाकीच्यांना कुणी सांगितलेलं नाही."

शेतकऱ्याने कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने आमच्याकडे. चढणीच्या मध्यावर गारा सुरू झाल्या, शिवाय मेधाताईची संध्याकाळची ड्यूटी होती. आम्ही मागे फिरलो. पहिली खेप फुकट.

* * *

दुसरी खेप सौरभच्या सभ्यपणाने घालवली.

इथे आल्यापासून सौरभ फार सभ्य झालाय. दुकानात कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी हाच सॉरी म्हणतो. दार उघडलं की मागचे सगळे जाईपर्यंत धरून ठेवतो. तळ्याकाठच्या वाटेवर पावलोपावली लाकडी गेट आहेत. एक गेट त्याने उघडलं, आम्ही पुढे गेलो. मागून चालणाऱ्या मंडळींचा ग्रुप आला. हा गेट धरून उभा. "आफ्टर यू! आफ्टर यू!" त्यांच्या मागून दोन आज्या आणि एक कुत्रा. "आफ्टर यू!" त्यांच्या मागून मेंढ्या.

आम्ही वळून बघितलं तेव्हा अर्धा कळप वाटेवर आला होता आणि सौरभ अजून गेट धरून उभा होता.

"अरे, लाव ना ते!" मेधाताई ओरडली.

"कसं लावू? मधे आहेत त्या!"

दुपार त्या मेंढ्या परत पाठवण्यात गेली. आम्ही डावीकडून हाकललं की त्या उजवीकडे. शेवटी तोच शेतकरी आला. त्याने एक शीळ घातली, कुत्र्याने एक चक्कर मारली, सगळ्या मेंढ्या रांगेत आत! जाता जाता शेतकरी म्हणाला, "आज तरी सुलट फिरलात का?"

परतायला सायकली व्हॅनमध्ये चढवल्या. मग काका सौरभला म्हणाले, "थँक्यू म्हणाली का रे एक तरी मेंढी?"

* * *

तिसऱ्या खेपेला सगळं जमून आलं होतं. ऊन होतं, मेधाताईला सुट्टी होती, गेट लावायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. पण धरणाच्या भिंतीपाशी, जिथून पाणी खाली पडतं तिथेच, काकांच्या पोटऱ्यांत गोळे आले. ते भिंतीला टेकून बसले. मेधाताई पाय चोळायला लागली. पुढे चढण दिसत होती. काका तिच्याकडे बघत होते.

मग एकदम म्हणाले, "झाली."

"काय झाली?"

"प्रदक्षिणा. प्रत्येक देवाची वेगळी असते. देवीला एक, गणपतीला तीन, शंकराला अर्धीच. पाणी बाहेर पडतं ती जागा ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. चला."

"काका," मेधाताई म्हणाली, "हे तळं शंकराचं कधीपासून झालं?"

"पाय दुखायला लागल्यापासून!"

आम्ही खूप हसलो. काकाही हसले. पण परतीच्या वाटेवर ते व्हॅनच्या खिडकीबाहेर बघत बसले. मागे वळून पलीकडच्या काठाकडे एकदा बघितलं त्यांनी. मी त्यांच्या मागच्याच सीटवर होतो.

* * *

शेवटचा रविवार उरला. आदल्या दिवशी काकांच्या घरी सामान बांधायला गेलो होतो. खुर्च्या आधीच गुंडाळलेल्या, म्हणून सगळे खोक्यांवर बसून चहा पीत होतो.

सौरभ म्हणाला, "काका, उद्या तळं डाव्या हाताला ठेवून जाऊ या ना. प्लीज. चढण उतार होईल."

"उलटी फेरी मला नको."

रिया म्हणाली, "आजोबा, ई-बाइक? मी rent करते."

"देवळात स्कूटरवरून फिरतात का?"

मेधाताईने कपाळाला हात लावला. माझ्या डोक्यात आठवडाभर एक गोष्ट फिरत होती. पाव भट्टीत सरकवताना रोज ती वाक्यं मनात म्हणून बघितली होती. कप खाली ठेवला.

"काका," मी म्हणालो, "प्रदक्षिणा दारापासूनच सुरू करावी लागते का? की कुठूनही चालते?"

सगळे माझ्याकडे वळले. मला घाम फुटला. तरी पुढे बोललो, "म्हणजे, तळं उजव्या हातालाच ठेवायचं. फक्त कार पार्कमधून निघायचं नाही. व्हॅन धरणापलीकडे लावायची, चढणीच्या पायथ्याला. चढण पहिली. पाय ताजे असताना. मग सगळा काठ फिरून शेवटी धरण."

काकांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"कुठूनही चालते," ते शेवटी म्हणाले. "जिथून सुरू केली तिथे संपवायची." मग मेधाताईकडे वळून, "हा पोरगा बोलतो!"

* * *

रविवारी चढणीच्या पायथ्याला व्हॅन लावली. काका म्हणाले, "मन्या, तू पुढे. तुझ्या चाकामागे चाक ठेवतो." मी हळू, अगदी हळू चढवत गेलो. मागे काकांचा श्वास ऐकू येत होता. तो थांबला की मी थांबायचो. मेधाताई मागून ओरडत होती, "दगडाकडे बघू नका, मन्याच्या पाठीकडे बघा!" अर्ध्यावर सौरभ उतरला. रिया उतरली. काका उतरले नाहीत.

वर शेतकरी उभाच होता, गेट उघडून. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "आफ्टर यू."

मग पलीकडचा काठ. काकांना किती वर्षं बघायचा होता तो. लांबच लांब खडीची वाट, नेच्याची झुडपं तांबडी झालेली, एक पडका मेंढ्यांचा कोंडवाडा, बाकी काही नाही. काका सगळं नीट बघत होते. एका जागी थांबून त्यांनी बुटाने खडी दाबली. "ड्रेनेज चांगलं केलंय," म्हणाले.

दुपार कलताना धरणाची भिंत आली. पाणी पडत होतं. काका तिथेच थांबले, जिथे मागच्या वेळी बसले होते. मेधाताई काहीतरी बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं. काकांनी पाण्याला नमस्कार केला, पॅडलवर पाय ठेवला आणि भिंत ओलांडून थेट व्हॅनला जाऊन हात लावला.

आम्ही ओरडलो, टाळ्या वाजवल्या, सौरभ तर रडायलाच लागला. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. धरण जवळ होतं, रेंज होती. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, परत लायब्ररीत?"

"नाही गं. तळ्यावर आहे."

"माहितेय मला. रियाने सांगितलंय सगळं." सुनीताताई म्हणाली. "झाली का एकदाची प्रदक्षिणा? मंगळवारी सामानाची व्हॅन येतेय, लक्षात आहे ना?"

काकांनी तळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"एक झाली," ते म्हणाले.

"एक म्हणजे?"

"सुनीता, हे तळं गणपतीचं निघालं."