चार बदाम

रविवारी दुपारी इंदूरच्या स्नेहलतागंजात आम्ही पोकर खेळतो, तेही शर्टाच्या बटणांवर. बटणं ज्यांच्या दुकानातली, त्या भियांना बदामाचे चार पत्ते जमले की डाव जिंकून देणाऱ्या पाचव्याची वाट बघवत नाही. सगळी बटणं पुढे सारतात आणि शेवेचा बकाणा भरतात. "पत्ता आल्यावर तर कोणीही लावेल यार! आधी लावा, समोरचा घाबरून सोडून तरी देईल."

काकू गेल्यानंतर शेजारचे काका परवा पहिल्यांदाच आले. कोणी बटणं लावली की लगेच पत्ते टाकून गुमसुम बसत. शेवटच्या डावात बाकीच्यांनी कंटाळून आधीच पत्ते टाकले, भिया आणि काका दोघंच उरले; मध्ये सगळ्यांची सुरुवातीची बटणं तेवढी होती. शेजारून मला भियांचे चार बदाम दिसत होते. त्यांचा हात बटणांकडे गेला आणि शेवेकडे वळला.

"चेक," ते म्हणाले. काहीच लावलं नाही.

शेवटचा पत्ता किलवर निघाला. काका अठ्ठ्यांच्या जोडीवर जिंकले आणि चक्क हसले.

"लूट लिया काकाजी!" भिया ओरडले. "पुढच्या रविवारी वसूल करणार, यावंच लागेल."

"येतो ना," म्हणत काकांनी बटणं खिशात भरली.

खरं तर खेळ संपला की बटणं बरणीत परत जातात. भियांनी बरणीचं झाकण आधीच लावून टाकलं होतं.