भोंगा झाला की नवसाबाई

नवसाबाईचा मला हेवा वाटतो. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या वस्तीला ठाऊकच आहे.

सातपूरच्या कडेला आमचा कारखाना आणि त्याच्या दक्षिणेला आमची वस्ती. कारखान्यात अमोनियाच्या टाक्या आहेत. त्यातला गॅस सुटलाच तर वस्तीने काय करायचं, याचा आराखडा मी लिहिलेला आहे. बावीस वर्षं सुरक्षा विभागात काढली मी. नवसाबाई चौथी नापास. वस्तीपलीकडे दीड एकरात झेंडू नि शेवंती लावते, पहाटे फुलबाजार गाठते आणि उरलेला दिवस लोकांच्या घरात नाक खुपसते. कोणाची सून दिवसांत आहे, कोणाच्या म्हाताऱ्याला चालवत नाही, सगळं तिला तोंडपाठ. नवरा लवकर गेला, तिने एकटीने दोन मुली उजवल्या, हे मी नाकारत नाही. पण कुणाचं काही अडलं की पावलं तिच्याच दाराकडे वळतात, आणि मी ओट्यावर पेपर धरून बसलेला असतो. मला कोणी काही विचारत नाही.

आराखड्याची तपासणी दरवर्षी आषाढात व्हायची. मी फोन नंबर बदलायचो, साहेब सही करायचे, चहा व्हायचा. यंदा निकिता मॅडम नावाच्या नव्या अधिकारी आल्या, त्याही डिसेंबरात. त्यांनी माझी फाईल बाजूला ठेवली आणि वस्तीतल्या बायकांनाच विचारलं, "धोक्याचा भोंगा झाला तर कुठे जाल?"

"नवसाबाईला विचारू," बायका म्हणाल्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शाळेच्या मैदानात जमायचं, अशी पत्रकं मी घरोघर वाटली होती. मी म्हणालो, "मॅडम, उद्याच सराव घ्या. मैदान भरलं नाही तर नाव बदलेन."

"नाव राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "मैदान रिकामं राहिलं तर आराखडा दुसऱ्या कुणाकडून तरी नव्याने करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी अकराला भोंगा झाला. मी नारंगी जाकीट घालून, हजेरीचं रजिस्टर उघडून मैदानात उभा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

शेवटी एकच बाई आली, तोंडाला ओला पदर बांधून, धापा टाकत. नवसाबाई.

"भाऊ, हितं काय उभं राहिलाय? वारं उगवतीचं हाय. खरा गॅस असता तर समदा तुमच्याच अंगावर आला असता."

तिने वाकून चिमूटभर माती उचलली आणि हवेत सोडली. औषध फवारण्याआधी मळेकरी असाच वारा बघतात. माती पश्चिमेकडे उडाली, आणि मैदान कारखान्याच्या पश्चिमेलाच होतं. ती जागा मी आषाढात ठरवली होती, पावसाळी वारा धरून. हिवाळ्यात वारा उलटा फिरतो, हे कागदावर आणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"लय येळ नाय आपल्याकडं. चला."

रजिस्टर मिटून मी तिच्यामागे निघालो. कारखान्याच्या पूर्वेला, तिच्या झेंडूच्या बांधावर अख्खी वस्ती उभी होती. अंथरुणाला खिळलेल्या काळूबाबांनाही खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. मॅडम नवसाबाईचं नाव लिहून घेत होत्या. आणि त्या गर्दीत माझी बायको मनीषा! पत्रकं वाटायला माझ्याबरोबर फिरली होती ती.

मी तिला बाजूला घेतलं. "तूसुद्धा? आणि मी इथे नाही, हे तुझ्या ध्यानातही आलं नाही? बोलवायला परकी बाई यावी लागली?"

"आलं की ध्यानात," मनीषा म्हणाली. "मीच पाठवलं त्यांना. अहो, मी आले असते तर सोडलं असतं का तुम्ही मैदान?"

नसतं सोडलं. तिच्यावर खेकसलो असतो, आणि तीही मुकाट्याने माझ्याशेजारी तिथेच उभी राहिली असती.